चावी घरात, गाडी बंदरात

ब्रॅम्प्टन, कॅनडा :

टोरांटोला लागून असलेल्या या शहरात गाडी रात्रभर उघड्यावरच असते. घरांना कंपाउंड नाही, फाटक नाही, वॉचमन तर नाहीच. रस्त्यापासून दारापर्यंत डांबरी पट्टी, तिला ड्राइव्हवे म्हणतात. गाडी तिथेच लावायची. गॅरेज बहुतेकांकडे आहे, पण त्यात बर्फ काढायचं यंत्र, थंडीचे टायर आणि घरातली अडगळ.

या बेफिकिरीची मोठी किंमत देशाने मोजली. वर्षाला सुमारे 90 हजार गाड्या चोरीला जात होत्या, असा अंदाज सरकारनेच जाहीर केला. 2023 मध्ये विमा कंपन्यांनी चोरीच्या दाव्यांपोटी दीड अब्ज डॉलर भरले. न्यायमंत्र्यांच्या वापरातली सरकारी गाडीसुद्धा चोरांनी नेली. शेवटी 8 फेब्रुवारी 2024 रोजी केंद्र सरकारने ओटावात यासाठी राष्ट्रीय परिषद बोलावली.

चोरी होते तरी कशी? काच फुटत नाही, अलार्म वाजत नाही. नव्या गाड्यांची चावी खिशात असली की दार उघडतं, बटण दाबलं की इंजिन सुरू होतं. रात्री ही चावी दाराजवळच्या खुंटीला लटकत असते आणि गाडीच्या रेडिओ सिग्नलला उत्तर द्यायला ती तयारच असते. एक चोर अँटेना घेऊन दाराशी येतो, चावीचा सिग्नल पकडून मोठा करतो. दुसरा गाडीच्या हँडलपाशी दुसरं यंत्र धरून उभा राहतो. चावी जवळच आहे असं गाडीला वाटतं आणि दार उघडतं. एक-दोन मिनिटांत काम फत्ते. काही टोळ्या आत शिरून डॅशबोर्डखालच्या पोर्टला यंत्र जोडतात आणि नवी चावीच तयार करतात.

घरात घुसून चावी हिसकावण्याचे प्रकारही वाढले. 2024 मध्ये टोरांटोतल्या एका बैठकीत पोलिसाने सल्ला दिला, की चावी दाराजवळच ठेवा, म्हणजे चोर आत येणार नाही. लोक खवळले, आणि ते योग्यच होतं. चोराची सोय करून देणं याला बंदोबस्त म्हणत नाहीत.

चोरलेली गाडी जाते कुठे, हा खरा प्रश्न होता. ती कंटेनरमध्ये भरून, खोट्या कागदपत्रांवर मॉन्ट्रियल बंदरातून पश्चिम आफ्रिकेत आणि आखाती देशांत रवाना व्हायची. सीमेवरची यंत्रणा देशात येणारा माल कसून तपासते; बाहेर जाणाऱ्याकडे तिचं लक्ष कमी होतं. ती तपासणी वाढली. ऑन्टॅरिओच्या पोलिसांनी सीमा यंत्रणेच्या मदतीने त्या एकाच बंदरात काही महिन्यांत 598 चोरीच्या गाड्या पकडल्या. जून 2024 मध्ये कायदा बदलला. हिंसा करून किंवा संघटित टोळीसाठी केलेल्या गाडीचोरीला आता 14 वर्षांपर्यंत कैद आहे. त्या वर्षी चोऱ्या साधारण 18 टक्क्यांनी घटल्या. माल खपायची वाट अडवली की चोराचा धंदा बसतो.

मुरबाड-शहापूरच्या मंडळींनो, आपल्याकडे बंदर नाही, पण चोरीचा माल खपतो. आसनगाव स्टेशनबाहेरून उचललेली मोटारसायकल बनावट नंबरप्लेट लावून विकली जाते, नाहीतर सुटे भाग होऊन भंगारात जाते. स्वस्तात मिळते म्हणून कागदांशिवाय गाडी घेणारा माणूसच हे बंदर उघडं ठेवतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. जुनी गाडी घेताना आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा, एम-परिवहन ॲपवर नोंद तपासा.

चावी न लावता सुरू होणाऱ्या गाड्या आता मुरबाडच्या रस्त्यांवरही आल्या आहेत. तशी असेल तर चावी धातूच्या डब्यात किंवा सिग्नल अडवणाऱ्या पाकिटात ठेवा आणि पाकीट गाडीजवळ नेऊन दार उघडत नाही ना, हे बघा. स्टीअरिंगला लोखंडी लॉक लावा. ब्रॅम्प्टनमध्ये तो पुन्हा घरोघरी दिसतो, कारण तो कापायला वेळ लागतो आणि चोराकडे वेळ नसतो. मोटारसायकलला हँडल लॉकबरोबर साखळी लावा. माळशेजला धबधब्यावर उतरताना सीटवर बॅग, मोबाईल ठेवू नका. काच त्यासाठीच फुटते.

विमाही तपासून घ्या. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असला तरी कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, म्हणून दुसरी चावी जपा. गाडी गेली तर आधी पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवा आणि त्याच दिवशी कंपनीला कळवा. एफआयआर लगेच झाली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे.

कॅनडाला हे शहाणपण अब्जावधी डॉलर घालवून आलं. आपण ते फुकटात घेऊ या : कुलूप आपलं आपण लावायचं, आणि चोरीचा माल गावात खपू द्यायचा नाही.