५५ एलियन्सचे ३६ झाले, तरी गेम हिट!

मागच्या आठवड्यात सेमिस्टर प्रोजेक्टवरून आमच्या ग्रुपमध्ये चांगलंच वाजलं. "माझ्या लॅपटॉपवर एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडतच नाही, फिल्म काय डोंबल करणार?" असं एक मित्र म्हणाला आणि काम ठप्प! सगळे चहाला पांगले. त्या रात्री मी एका जुन्या गेमबद्दल वाचत बसले आणि आमचं भांडण मला फारच किरकोळ वाटायला लागलं.

तो गेम म्हणजे 'स्पेस इन्व्हेडर्स'. जपानच्या तैतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये तो बनवला. खाली आपली एकुलती एक तोफ आणि वर एलियन्सच्या पाच ओळी. एका ओळीत ११, म्हणजे एकूण ५५. ते आडवे सरकतात, कडेला पोचले की एक पायरी खाली उतरतात. जमिनीपर्यंत आले की खेळ खल्लास! गंमत म्हणजे एलियन्स जसजसे मरतात, तसतसे उरलेले जोरात पळतात. हे मुळात ठरवलेलं नव्हतं. पडद्यावर काढायची चित्रं कमी झाली की प्रोसेसर काम भराभर उरकायचा. निशिकादो यांनी ते तसंच राहू दिलं आणि तीच गेमची जान ठरली.

हे आर्केडचं मशीन कपाटाएवढं, नाणं टाकून खेळायचं. अमेरिकेतल्या अटारी कंपनीने १९८० मध्ये हाच गेम घरच्या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर आणला. प्रोग्रामर होते रिक मॉरर. त्यांच्या हाताशी मेमरी किती? १२८ बाइट्स. मराठीत टाइप केलेलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा ३ बाइट्स खाते. म्हणजे 'आज लेक्चरला येतोयस का' असे दोन मेसेज टाकले की जागा संपलीच!

बरं, कन्सोलच्या चिपकडे खेळाडूंसाठी हलती चित्रं दोनच. पण ती चिप प्रत्येक चित्राच्या तीन कॉपी शेजारी शेजारी दाखवू शकायची. दोन त्रिक सहा! म्हणून एका ओळीत ११ ऐवजी ६ एलियन्स आले. टीव्ही चित्र वरून खाली रेघारेघांनी काढत जातो. त्यामुळे एक ओळ काढून झाली की तीच दोन चित्रं खालच्या ओळीसाठी पुन्हा वापरता यायची. अशा ६ ओळी, एकूण ३६ एलियन्स. तोफेला आडोसा देणारे बंकरही चारचे तीन झाले.

मात्र खाली खाली येणारी फौज आणि वाढत जाणारा वेग, म्हणजे ज्यामुळे हाताला घाम फुटतो ते सगळं शाबूत राहिलं. वर नवीन भरही पडली. अदृश्य एलियन्स, सरकणारे बंकर, दोघांनी एकाच वेळी खेळायची सोय, असे खेळाचे तब्बल ११२ प्रकार! या एका गेमसाठी लोकांनी कन्सोल विकत घेतले आणि अटारीची विक्री कित्येक पटींनी वाढली.

या गोष्टीत एक खटकणारी बाजूही आहे. अटारी तेव्हा खोक्यावर प्रोग्रामरचं नाव छापत नसे. याच कारणावरून तिथले चार प्रोग्रामर आधीच बाहेर पडले होते. त्यांनी १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली आणि गेमवर तो बनवणाऱ्याचं नाव द्यायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपला एवढंच विचारलं, "आपल्या फिल्ममधली कोणती गोष्ट काढली तर ती आपली फिल्म राहणार नाही?" बारा सीनपैकी चार उरले. ते मोबाइलवर शूट झाले, मोबाइलवरच एडिटही झाले. आणि हो, शेवटी सगळ्यांची नावं आहेत. लॅपटॉपवाल्याचंसुद्धा!