तेल, तिवर आणि पेंढा

7 ऑगस्ट 2010 रोजी सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ या दोन जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कलंडली, तिच्यावरचे कंटेनर समुद्रात पडले आणि सुमारे 800 टन इंधनतेल पाण्यावर आले. काही दिवसांत त्याचा काळा, चिकट थर उरणच्या बाजूच्या तिवरांपर्यंत पोचला.

आम्ही सात-आठ जण गावातला भाताचा पेंढा घेऊन चिखलात उतरलो. तेलावर पेंढा पसरायचा, तो काळा झाला की गोणीत भरायचा, असा आमचा सरळ हिशेब. संध्याकाळपर्यंत तीसेक गोण्या भरल्या आणि बांधाच्या कडेला रचल्या. दिव्यांची अवस त्याच सुमारास होती. म्हणजे उधाणाचे दिवस. रात्रीच्या भरतीने निम्म्या गोण्या उचलल्या आणि तिवरांत आणखी आत नेऊन फोडल्या. पाण्यावरून जे तेल कदाचित पुढे वाहून गेले असते, ते आम्हीच पेंढ्यात बांधून तिवरांच्या श्वसनमुळांवर नेऊन ठेवले. ही मुळे चिखलाबाहेर डोके काढून हवा घेतात. त्यांच्यावर तेलाचा लेप बसला की झाड गुदमरते.

रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेपुरताच होता. आमचे चुकले कुठे, हे शोधता शोधता मी पुढची काही वर्षे या एकाच विषयाचे वाचन केले. त्यातले जे हाती लागले ते इथे मांडतो.

तेल टिपणाऱ्या पदार्थाला दोन गोष्टी जमाव्या लागतात. त्याने तेल जवळ करावे आणि पाण्याला दूर ठेवावे. पहिली अनेकांना जमते, दुसरी फार थोड्यांना. घरी करून पाहण्याजोगा एक प्रयोग आहे. दोन वाडग्यांत पाणी घेऊन त्यावर चमचाभर गोडेतेल सोडा. एकात औषधाच्या दुकानातला पांढराशुभ्र कापूस टाका, दुसऱ्यात नुसती सरकी काढलेला, न धुतलेला कापूस. दुकानातला कापूस पाणी पिऊन बुडतो. कच्चा कापूस तरंगत राहतो आणि तेल ओढून घेतो. वस्तू एकच, मग फरक कशाचा? कच्च्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी. दवाखान्यासाठी कापूस शुद्ध करताना हे मेण काढून टाकतात, कारण तिथे त्याने पाणी आणि रक्त टिपायला हवे असते.

तेल धरण्याच्या रीतीही दोन आहेत. काही पदार्थांच्या पृष्ठभागावर तेल चिकटते; त्याला अधिशोषण म्हणतात. माणसाचा केस हे काम करतो. 1989 साली अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ जहाज फुटले, तेव्हा अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या फिल मॅक्रोरी या केशकर्तनकाराने दूरचित्रवाणीवर तेलाने माखलेला पाणमांजराचा केसाळ देह पाहिला. केसांना तेल इतके धरते, तर दुकानात झाडून टाकलेले केस का वापरू नयेत, असा प्रश्न त्याला पडला. पायमोज्यात केस भरून त्याने घरीच प्रयोग केला.

दुसऱ्या रीतीत तेल तंतूंमधल्या फटींत आणि पोकळ्यांत शिरते. वातीत चढते तसे. सावरीचा कापूस यात अव्वल. त्याचा तंतू नळीसारखा पोकळ असून वर मेण असते, म्हणून तो एके काळी जीवरक्षक जाकिटांत भरत. प्रयोगशाळेत तो स्वतःच्या वजनाच्या 30 पटींहून जास्त तेल धरतो. पण घट्ट दाबून भरला तर फटी मिटतात आणि हा आकडा घसरतो. शिवाय तेल कोणते यावरही बरेच ठरते. डिझेल पटकन आत शिरते, पण उचलताना तितकेच पटकन गळते. जहाजाचे जाड इंधनतेल आत शिरतच नाही, बाहेरून लिंपले जाते. भाताचा पेंढा तर थोड्या वेळाने पाणीही पितो आणि जड होऊन बुडू लागतो. आमच्या अर्ध्याअधिक गोण्या पाण्यानेच जड झाल्या होत्या.

आता हिशेब पाहा. पदार्थ दहापट तेल धरतो असे धरले, तर 800 टनांसाठी 80 टन पदार्थ लागेल आणि शेवटी 880 टन तेलकट कचरा हाती येईल. तेल नाहीसे होत नाही, फक्त जागा बदलते. म्हणून मोठ्या गळतीत आधी तरंगत्या बांधांनी, म्हणजे बूमने, तेल अडवतात, मग यंत्रांनी ते पृष्ठभागावरून उपसतात. टिपणाऱ्या पदार्थांची पाळी उरलेल्या पातळ थरासाठी आणि यंत्र पोचत नाही अशा कानाकोपऱ्यांसाठी. सुटा भुसा किंवा पेंढा पाण्यावर फेकणे बहुधा टाळतात, कारण तो परत गोळा करणे हेच मोठे काम होऊन बसते.

हे सगळे वाचून झाल्यावर 2020 साली मॉरिशसच्या बातम्या पाहिल्या. ‘वाकाशिओ’ हे जहाज 25 जुलैला तिथल्या प्रवाळावर चढले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून तेल गळू लागले. एकूण सुमारे 1,000 टन. उसाच्या मळ्यांत राबायला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज ज्या बेटावर आजही राहतात, तिथल्या लोकांनी उसाचे पाचट कापडात भरून लांबलचक वळकट्या शिवल्या, तरंगण्यासाठी रिकाम्या बाटल्या बांधल्या आणि दोरांनी त्या पाण्यात सोडल्या. पाचट काही पेंढ्यापेक्षा फार वेगळे नाही. फरक होता तो शिवणीत आणि दोरात. त्यांचे पाचट पिशवीबाहेर सुटे झाले नाही, आणि ओढले की परत येत होते.

आमची चूक पेंढ्याची नव्हतीच. टाकलेले उचलायचे कसे आणि उचललेले न्यायचे कुठे, हे दोन प्रश्न आम्ही पाण्यात उतरण्याआधी विचारले नव्हते. भरतीच्या रेषेच्या वर प्लास्टिक अंथरून त्यावर गोण्या ठेवल्या असत्या, तरी बरेच वाचले असते.

आता दरवर्षी दिव्यांच्या अवसेला, दिवे घासून झाले की, मी शेजारच्या मुलांना दोन वाडग्यांचा प्रयोग दाखवतो. कच्चा कापूस तेल पितो तेव्हा मुले टाळ्या वाजवतात. मग मी तो तेलकट बोळा त्यांच्या हातावर ठेवतो आणि विचारतो, आता हा कुठे टाकाल?