सायकलीचा तिसरा पाय

सायकल आपणहून उभी राहत नाही, कारण तिची दोन्ही चाके एकाच रेषेत जमिनीला टेकतात. वस्तू उभी राहायची तर तिचा भार टेकूंच्या मधल्या जागेत पडावा लागतो आणि नुसत्या रेषेला अशी जागाच नसते. स्टँडचा पाय खाली आला की रेषेचा त्रिकोण होतो. पण हा तिसरा पाय सायकलीला फक्त बाजूला कलंडू देत नाही. चाकाचे घरंगळणे आणि हँडलचे वळणे मोकळेच राहते. स्टँडवर लावलेली सायकल पडते ती बहुधा यांपैकी एका कारणाने.

साइड स्टँड डावीकडे असतो, कारण उजव्या बाजूला चेन असते. दुमडताना तो मागच्या दिशेने वर जातो. म्हणूनच सायकल जराशी पुढे सरकली की जमिनीवर टेकलेला पाय आपोआप दुमडतो आणि सायकल आडवी होते. मागे सरकली तर मात्र तो आपल्या अटकावाला टेकून घट्ट राहतो. उतारावर सायकलीचे तोंड चढाकडे ठेवायचे ते यासाठी. जुन्या ट्यूबमधून कापलेली रबराची कडी पुढच्या ब्रेकच्या दांडीवर आणि मुठीवर चढवली की ब्रेक दाबलेला राहतो आणि घरंगळण्याचा प्रश्नच मिटतो. दोन पैशांचा हा उपाय पुष्कळ महागड्या स्टँडपेक्षा कामाचा आहे.

हँडलची गोष्ट थोडी वेगळी. डावीकडे रेललेल्या सायकलीचे पुढचे चाकही डावीकडे वळू पाहते. त्यात हँडलला भाजीची पिशवी अडकवली की ते गर्रकन फिरते आणि सायकल पिशवीसकट खाली येते. सामान आधी कॅरिअरवर लावावे, हँडलवर शेवटी. जपानमध्ये बाजारहाटाच्या काही सायकलींना स्टँड लावताच हँडलही जागेवर अडकते, अशी सोयच केलेली असते.

स्टँडची लांबीही नेमकी लागते. तो लांब असला तर सायकल जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या एका झोताने उजवीकडे पडते. आखूड असला तर ती फार कलते आणि पाय निसटतो. पावसाळ्यात ओल्या मातीत आणि मे महिन्यात विदर्भातल्या तापून मऊ झालेल्या डांबरात स्टँडचे टोक हळूहळू रुतते. खाली एखादी फरशीची कपची ठेवली तरी पुरते. उभ्या सायकलीवर मूल बसवणे मात्र टाळावेच. तो एक पाय सायकलीपुरता असतो, माणसापुरता नाही.

ओझ्याला डबल स्टँडच हवा. काळ्या, दणकट सायकलीचा हा स्टँड मागच्या चाकाच्या आसाला जोडलेला असतो. एका पायाने तो जमिनीवर दाबून धरायचा, कॅरिअर धरून सायकल मागे ओढायची. खट्‌ असा आवाज होतो आणि मागचे चाक अधांतरी उचलले जाते. आता घरंगळायला एकच चाक उरते आणि तेही मागच्या रुंद पायांनी धरून ठेवलेले असते. दुधाच्या किटल्या, पेपरचे गठ्ठे, डबेवाल्यांचे डबे हे सगळे या स्टँडच्या भरवशावर लादले जाते. मागचे चाक मोकळे फिरत असल्याने चेनला तेल देणे, ब्रेक तपासणे हेही जागच्या जागी होते. सायकल पुढे ढकलली की स्टँड वर जाऊन चिमट्यात किंवा स्प्रिंगवर बसतो. ही स्प्रिंग सैल झाली की तो चालत्या सायकलीमागे खडखडत फरफटतो. ती वेळीच बदलावी. खाली राहिलेला साइड स्टँड त्याहून धोक्याचा, कारण डावीकडे वळताना तो जमिनीवर आपटून स्वाराला पाडू शकतो.

रेसर सायकलींना वजन वाचवण्यासाठी स्टँड नसतो. कार्बनच्या पातळ नळीवर तो आवळल्यास नळी चिरडण्याची भीतीही असते. अशी सायकल भिंतीला लावताना मागचे चाक भिंतीलगत आणावे आणि सीट टेकवावी. नुसते हँडल टेकवले तर ती पुढे सरकते. पदपथाच्या कडेला पायडल टेकवूनही ती थोडा वेळ उभी राहते. दुरुस्तीसाठी सायकल उलटी करतात, पण हायड्रॉलिक ब्रेक असल्यास तेलात हवा शिरू शकते.

आता सार्वजनिक जागांचे. शाळा, सोसायट्या आणि कार्यालयांत पुढचे चाक घुसवायच्या खाचांचे रॅक सर्रास दिसतात. ते चुकीचे आहेत. सगळी सायकल एका रिमवर तोलली जाते, शेजारच्याचा धक्का लागला की रिम आउट होते, आणि कुलूपही चाकालाच लागते, सांगाड्याला नाही. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराच्या नावाने ओळखली जाणारी उलट्या यू आकाराची नळी याहून कितीतरी चांगली. सुमारे 75 सेंटिमीटर उंचीची ती नळी सांगाड्याला दोन ठिकाणी आधार देते. दोन्ही बाजूंना एकेक सायकल लागते, सांगाडा आणि चाक एकाच कुलपात येतात, आणि स्टँड असलेल्या वा नसलेल्या दोन्ही सायकलींची सोय होते. वाकवलेली नळी आणि थोडे काँक्रीट एवढेच तिला लागते. शाळांनी आणि सोसायट्यांनी पुढच्या वेळी रॅक बसवताना खाचांऐवजी ही नळी मागावी, आणि दोन नळ्यांमध्ये निदान एक मीटर अंतर सोडावे.