कपाट भरलेले, तरी अंगावर तेच चार कपडे

हैदराबादच्या पुरानी हवेलीत गेलात, तर सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे कपड्यांचे कपाट नक्की बघा. लाकडी, दोन मजली आणि एका अख्ख्या दालनाएवढे लांब. हे निजाम एकदा घातलेला पोशाख पुन्हा अंगाला लावत नसत, असे सांगतात. 1911 मध्ये त्यांचे चिरंजीव मीर उस्मान अली खान गादीवर आले. 1937 मध्ये अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने त्यांना जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापले. पण ते ओळखले जात चुरगळलेल्या शेरवानीसाठी आणि वर्षानुवर्षे वापरलेल्या जुन्या टोपीसाठी. लोक त्यांना कंजूष म्हणत, तो भाग वेगळा.

आपला जालना सप्टेंबर 1948 पर्यंत याच राज्यात होता. जुन्या जालन्यात, अंबड-भोकरदनकडे कुणाच्या घरी पणजोबांचा फोटो असलाच, तर बहुधा तो शेरवानीतला निघेल. हिंदू असो की मुसलमान, त्या काळच्या वकिलाला, मास्तरला, कारकुनाला एक बरी शेरवानी पुरायची. कचेरीत तीच, ईदला तीच, लग्नातही तीच. आज ज्याला 'कॅप्सूल वॉर्डरोब' म्हणतात, ती कल्पना 1970 च्या दशकात लंडनच्या सूझी फॉ यांनी मांडली. ती याहून फार वेगळी नाही. कपडे थोडे, पण चांगले, आणि प्रत्येक कपडा तीन-चार ठिकाणी चालणारा.

दीनच्या बाजूने पाहिले तरी गोष्ट सरळ आहे. अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत एक हदीस आहे. ऐपत असेल त्याने कामाच्या कपड्यांखेरीज जुम्यासाठी दोन वस्त्रे वेगळी ठेवावीत, असा तिचा आशय. दोन वस्त्रे म्हणजे त्या काळची लुंगी आणि चादर, म्हणजे आजचा एक जोड. कामाचे कपडे आणि वर एक नीटनेटका जोड, एवढाच हिशोब. इस्राफ नको, हे आपण नेहमी ऐकतो. पण फाटके-मळके राहणे ही साधेपणाची खूण नव्हे. अल्लाहने दिलेल्या नेमतीचा असर बंद्यावर दिसावा, असेही हदीसमध्ये आले आहे.

आता आपल्या घरातले बघू. कापूस-सोयाबीनवर, स्टीलच्या कारखान्यातल्या पगारावर किंवा छोट्या दुकानावर चालणाऱ्या घरात रमजानची कपडेखरेदी पुष्कळदा उधारीवर होते, आणि ती फेडता फेडता बकरीद येते. 4,000 रुपयांचा भरजरी ड्रेस दोनदा घातला, तर एका वेळेला 2,000 रुपये पडले. 900 रुपयांचा सुती ड्रेस दोन वर्षांत साठदा घातला, तर एका वेळेला 15 रुपये. दुकानात लेबलवरचा भाव बघून सोडून द्यायचा नाही, हा भागाकार करायचा. शिवाय एका सुती शर्टामागे जगभराच्या सरासरीने सुमारे 2,700 लिटर पाणी लागते असे सांगितले जाते. 2012-13 चा टँकरचा दुष्काळ काढलेल्या जालन्याला हा आकडा समजावून सांगायची गरज नाही.

कोणता कपडा ठेवायचा?

सगळे कपडे पलंगावर काढा. गेल्या वर्षभरात, म्हणजे दोन्ही ईदा धरून, जे अंगावर चढलेच नाही ते बाजूला करा. उरलेल्या प्रत्येक कपड्याला एकच प्रश्न विचारा: यात नमाज होईल का?

प्रश्न दीनचा आहे तसा व्यवहाराचाही आहे. आखूड शर्ट आणि खाली घसरणारी जीन्स घालून सजदा केला की पाठ उघडी पडते. जॉर्जेटची ओढणी डोक्यावर ठरत नाही आणि तिच्यातून केस दिसतात. याउलट गुडघ्यापर्यंतचा सुती कुर्ता, ढिली पँट, मोठी मलमलची ओढणी हे नमाजला चालते, ऑफिसला चालते, पाहुण्यांकडेही चालते. जे नमाजला सोयीचे ते बहुतेक सगळीकडे सोयीचे ठरते, असा माझा तरी अनुभव आहे.

पुरुषांनी पांढरा कुर्ता-पायजमा आधी धरावा. वर गडद सदरी घातली की तोच लग्नात चालतो. शेरवानी आता भाड्याने मिळते, ती विकत घेऊन पेटीत ठेवण्यात अर्थ नाही. बायकांच्या बाबतीत सर्वांत जास्त वापरला जाणारा कपडा बुरखा, आणि काटकसर नेमकी तिथेच होते. हलक्या कापडाचे तीन घेण्यापेक्षा चांगल्या निदाचे दोन घ्यावेत. मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशीपार जातो, तेव्हा फरक कळतो.

आणखी एक. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. 2024 मध्ये ती एप्रिलात होती, 2025 मध्ये 31 मार्चला. 2030 च्या सुमारास ती फेब्रुवारीच्या थंडीत येईल. म्हणून ईदचा जोड एका मोसमाचा नको. सुती जोडावर सदरी किंवा शाल घेतली की काम भागते.

जुने कपडे टिकवायचे असतील तर चांगल्या टेलरशी ओळख ठेवा. झिजलेली कॉलर उसवून, उलटवून पुन्हा लावता येते आणि शर्टाचे आयुष्य वाढते. नवीन शिवताना आत दोन बोटे कापड दाबून ठेवायला सांगा, वाढत्या मुलांच्या कपड्यांत तर हमखास.

जोड्यांची मोजणी

खरी अडचण कपाटात नाही, लग्नात आहे. मुलीला किती जोडे दिले, हे आजही मोजले जाते. पंचवीस-तीस शिवलेले जोडे सासरी जातात आणि पहिल्या बाळंतपणानंतर त्यातले निम्मे अंगाला येत नाहीत. बाप मात्र हप्ते भरत असतो. निम्मेच जोडे द्या, त्यातलेही काही न शिवलेले कापड म्हणून द्या. मुलगी गरजेप्रमाणे शिवून घेईल. हे दोन्ही घरच्या मोठ्या बायांनी आधी बसून ठरवावे. मुलीच्या बापाने एकट्याने सांगितले तर त्याची ऐपत काढली जाते.

बाजूला काढलेल्या ढिगाबद्दल एक मसला लक्षात असू द्या. वापरातल्या कपड्यांवर जकात नाही. पण हनफी मसलकात सदका-ए-फित्र आणि कुर्बानीचा निसाब बघताना गरजेपेक्षा जास्तीचे सामानही धरले जाते, त्यात न वापरलेले जास्तीचे कपडेही येऊ शकतात. आपल्या बाबतीत काय ते मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारून घ्यावे.

देताना निवडून खराब तेच देऊ नये. सूरह बकराच्या 267व्या आयतीत याची मनाई आहे. धुऊन, बटणे लावून, घडी करून द्यावे. फाटक्या सुती ओढण्या आणि चादरी गोधडीला ठेवाव्यात. वेळही बघावी. शाळेचे गणवेश जूनच्या आधी पोहोचले पाहिजेत. स्वेटर-शाली दिवाळीच्या अगोदर द्या, कारण मंठा, घनसावंगी, अंबडकडची ऊसतोडीची कुटुंबे त्याच सुमारास पोराबाळांसह गाव सोडतात आणि पुढची सगळी थंडी फडावर, पालात काढतात.