कामोत्तेजना आणि भय

राजुऱ्याच्या सागवनांतून संध्याकाळीं परतणाऱ्या वाटसरूच्या कानीं वाघाची डरकाळी पडली, म्हणजे त्याची छाती धडधडूं लागते, तोंडास कोरड पडते आणि रक्ताचा ओघ पायांच्या स्नायूंकडे वळतो. हें सर्व तो ठरवून करीत नाहीं. मज्जासंस्थेचा एक स्वयंचलित भाग तें करवितो. कामोत्तेजनाही अशीच इच्छेच्या हुकुमाबाहेरची क्रिया आहे. मात्र तिची मदार बव्हंशीं याच संस्थेच्या दुसऱ्या, निवांतपणीं काम करणाऱ्या भागावर असते.

स्पर्श, दृष्टि किंवा केवळ स्मरण यांनीं मन चाळवलें, कीं मज्जारज्जूच्या खालच्या टोकाकडून निघणाऱ्या तंतूंतून जननेंद्रियांस संदेश जातो. तेथें नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु उत्पन्न होतो, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायु सैल पडतात व रक्त वेगानें आंत शिरतें. पुरुषाच्या इंद्रियांत तें भरतांच बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि ताठरता टिकते. स्त्रीच्या ठिकाणींही असाच रक्तसंचय होतो व योनीच्या भिंतींतून द्रव पाझरून ओलावा येतो. रक्तवाहिन्यांतील या वायूच्या कार्याचा उलगडा करणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

भीतीनें जागा झालेला मज्जाभाग मात्र याच रक्तवाहिन्या आवळतो. हस्तमैथुनानें वीर्य नासलें व पुरुषत्व गेलें, ही समजूत उराशीं धरलेल्या नवरदेवास पहिल्या रात्रीं अपयश आलें, तर दोष वीर्याचा नसून धास्तीचा असतो. शुक्रबीजें वृषणांत सतत तयार होत असतात. हें ठाऊक नसल्यानें तो भोंदू वैद्याच्या पुड्यांवर महिन्याची मजुरी उधळतो. अडचण टिकून राहिली, तर मधुमेह किंवा रक्तवाहिन्यांचा विकार आहे काय, हें डॉक्टरांकडून तपासून घेणें इष्ट. आणखी एक गोष्ट ध्यानीं घ्यावयास हवी: शरीरानें दिलेला प्रतिसाद म्हणजे मनानें दिलेली संमति नव्हे.

हें ज्ञान मराठींत सांगण्यासाठीं र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें व खटले सोसले. १९३४ सालीं त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मांडली. पुढें गडचिरोलींत डॉ. राणी बंग यांनीं तरुणतरुणींसाठीं ‘तारुण्यभान’ शिबिरें सुरू केलीं. वाघाचें भय रानांत प्राण वाचवितें. अज्ञानाचें भय मात्र घरांतील सुख हिरावून घेतें, आणि त्यावर उपाय समजावून सांगण्याचाच आहे.