शर्यत कुत्र्याची, परीक्षा मालकाची

घोड्यांना अडथळ्यांवरून उड्या मारायला लावण्याच्या स्पर्धा तुम्ही निदान चित्रांत तरी पाहिल्या असतील. १९७८ साली लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात 'क्रफ्ट्स' हे कुत्र्यांचे प्रसिद्ध प्रदर्शन भरले होते. मधल्या मोकळ्या वेळात प्रेक्षकांची करमणूक व्हावी म्हणून संयोजकांपैकी जॉन व्हार्ली यांनी पीटर मीनवेल या प्रशिक्षकाच्या मदतीने घोड्यांच्या त्या स्पर्धेची कुत्र्यांकडून नक्कल करवली. लोकांना ती इतकी आवडली की त्यातून 'अ‍ॅजिलिटी' नावाचा नवा खेळच जन्माला आला. आज तो अनेक देशांत खेळला जातो.

या खेळात एक गंमत आहे. मैदानावर उड्या मारण्याचे दांडे, कापडी बोगदा, चढउताराच्या फळ्या, सी-सॉ, नागमोडी पळण्यासाठी खांबांची रांग असे पंधरा-वीस अडथळे मांडलेले असतात. ते ठरलेल्या क्रमाने पार करायचे. पण हा क्रम दर स्पर्धेत नवा असतो! मालकाला आधी काही मिनिटे मैदानात फिरून तो पाठ करता येतो. कुत्र्याला मात्र त्या वेळी आत नेता येत नाही. नंतर पळताना कुत्र्याला हात लावायचा नाही, खाऊ द्यायचा नाही. सांगायचे ते आवाजाने, हाताच्या खुणेने आणि आपल्या पावलांच्या व खांद्यांच्या दिशेने. कुत्रा भलत्याच अडथळ्यावर गेला की जोडी बाद. आता सांगा, परीक्षा कोणाची?

परीक्षेच्या दालनाबाहेर उभे असताना तुमच्या छातीत धडधडते, तळहात ओले होतात. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलीन रक्तात सोडतात, त्याचा हा परिणाम. मालकाचेही मैदानाच्या कडेला हेच होते. मग तो नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडतो, हात उशिरा उचलतो, खांदे भलतीकडेच वळवतो. आपल्याला वाटते, शब्द तर तोच उच्चारला! पण कुत्र्याचे शब्दांपेक्षा हालचालींकडे लक्ष अधिक असते. इटलीतील संशोधकांनी २०१६ साली प्रशिक्षित कुत्र्यांना शब्द एक आणि हाताची खूण दुसरीच, अशा उलटसुलट आज्ञा दिल्या. बहुतेक कुत्र्यांनी खूणच प्रमाण मानली.

कुत्र्याचे नाक तर याहूनही पुढचे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात २०२२ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांना ९,००० पासून १७-१७ वजा करत मोठ्याने उलटे मोजायला लावले. (तुम्ही करून पाहा, म्हणजे ताण म्हणजे काय ते कळेल.) त्यांच्या घामाचे व श्वासाचे नमुने हिशेबाआधी एकदा आणि नंतर एकदा घेतले. चार शिकवलेल्या कुत्र्यांना ताणाचा नमुना ओळखायचा होता. शंभरांतील सुमारे ९४ वेळा त्यांनी तो बरोबर ओळखला! तेव्हा 'मी घाबरलो नाही' असा चेहरा करून पंचांना फसवता येईल, कुत्र्याला नाही.

मग अगदी शांत राहावे का? येथे थोडे थांबायला हवे. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांना उजळ व काळपट पेट्यांतील फरक शिकवला. चुकल्यास विजेचा सौम्य किंवा तीव्र झटका बसे. फरक सोपा असताना तीव्र झटक्याने उंदीर लवकर शिकले. फरक कठीण असताना मात्र मध्यम झटकाच उपयोगी पडला. पुढे याच कल्पनेतून टेकडीसारखा एक आलेख रूढ झाला. उत्तेजना वाढते तसे काम सुधारते आणि शिखरानंतर बिघडते, असे तो सांगतो. आलेख सुबक आहे, पण सर्वांचे शिखर एकाच जागी नसते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली पारदर्शक आडोशामागे खाऊ ठेवला; सरळ धडक न देता वळसा घालायचा होता. अपंगांच्या मदतीसाठी तयार केलेले शांत कुत्रे उत्साहाने हाका मारल्यावर अधिक चांगले वागले. घरगुती, आधीच उतावीळ असलेले कुत्रे त्याच हाकांनी आणखी गोंधळले. म्हणून रेंगाळणाऱ्या कुत्र्याला स्पर्धेपूर्वी थोडे खेळवावे आणि भुंकून रान उठवणाऱ्याला गर्दीपासून दूर शांतपणे हिंडवावे. सर्वांना एकच औषध देणारे प्रशिक्षक मला तरी पटत नाहीत.

मालकासाठी उत्तम सराव म्हणजे मनातल्या मनात पळणे. स्पर्धेपूर्वी रिकाम्या मैदानात माणसे एकटीच हातवारे करत, अदृश्य कुत्र्याला बोलावत फिरताना दिसतात. पाहणाऱ्याला हसू येते. पण हालचालीची कल्पना करताना मेंदूचे तेच बरेचसे भाग काम करतात, जे ती खरोखर करताना करतात. 'कुठे वळायचे' हे असे आधीच पक्के झाले, की ऐन वेळी लक्ष कुत्र्याकडे देता येते. शिवाय श्वास हळू सोडावा. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हे तुम्ही मनगटाची नाडी धरूनही तपासू शकाल.

आणि हरल्यावर? टेक्सास विद्यापीठातील दोघा संशोधकांनी २००६ साली अशाच स्पर्धांतील पुरुष व त्यांचे कुत्रे यांच्या लाळेतील संप्रेरके मोजली. हरलेल्यांपैकी ज्यांच्या लाळेत आधीच टेस्टोस्टेरॉन जास्त होते, ते कुत्र्यावर अधिक ओरडले, त्याला ढकलले. आणि त्यांच्या कुत्र्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक अधिक वाढले. कुत्र्याला बक्षिसाचा चषक कळत नाही. त्याला फक्त हे कळते, की पळून आल्यावर आपला माणूस चिडला. स्वीडनमध्ये २०१९ साली तर कुत्र्यांच्या व मालकांच्या केसांतील कॉर्टिसॉल मोजले, तेव्हा दोघांचे प्रमाण महिनोन्‌महिने एकमेकांशी जुळत असल्याचे आढळले, आणि हे नाते स्पर्धांत भाग घेणाऱ्या कुत्र्यांत अधिक घट्ट होते.

घरी कुत्रा असेल आणि त्याला 'बस' कळत असेल, तर एक प्रयोग करा. दहा वेळा नुसता शब्द उच्चारा, हात पाठीमागे बांधून. दहा वेळा न बोलता नुसती नेहमीची खूण करा. आणखी दहा वेळा त्याच्याकडे पाठ करून शब्द उच्चारा. हे तिन्ही प्रकार आलटून पालटून घ्या, नाहीतर दमल्यामुळे बसला की सांगितल्यामुळे, हे कळणार नाही. किती वेळा बसला ते वहीत मांडा. खाऊ मात्र खिशात ठेवू नका. तो दुसऱ्या कोणाकडे तरी द्या, म्हणजे कुत्र्याचे लक्ष तुमच्या खिशाकडे जाणार नाही.