नित्य एक पान

लेखनाची हौस पुष्कळांना असते. नेम मात्र थोड्यांनाच साधतो. ‘नोकरीतून वेळ मिळत नाही,’ असे कोणी म्हटले की आम्हांस बडोद्याचे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई आठवतात. १८८९ ते १९२५ पर्यंत ते सयाजीराव महाराजांच्या चाकरीत होते. राजपुत्रांना शिकविण्यासाठी काढलेल्या टिपणांतूनच रियासतीचा पाया घातला गेला आणि १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध झाली. चाकरी सांभाळूनच ग्रंथ उभा राहिला.

नवोदितांनी एवढेच करावे : वेळ ठरवावी, तारीख घालून एक पान लिहावे, दुसऱ्या दिवशी ते मोठ्याने वाचून दुरुस्त करावे आणि मगच पुढे जावे. आपल्या मुलांची शाळा परभाषेत, बाजारही परभाषेत. घरची मराठी बोलण्यापुरती उरते आणि लिहावयास बसताच शब्द अडतो. तो अडलेला शब्द समासात टिपून घरातील वडीलधाऱ्यांना विचारावा.

वर्षाकाठी साडेतीनशेंवर पाने होतील. त्यांतील दहा छापण्याजोगी निघाली तरी पुष्कळ. उरलेली पानेही वाया जात नाहीत. त्यांच्यामुळे घरातील मराठी लिहिती राहते.